पावतीपुस्तक

एक कौल साठ रुपये.
पावतीपुस्तक घेऊन वेंगुर्ल्याच्या जुन्या पेठेत शिरलो
मांडवीच्या टोकाने, जिथून पूर्वी गलबतांचा माल यायचा.

येसू तांडेल पाटीमागे बसलेली.
बर्फाने आखडलेली बोटं पुसून तिने
तीन कौलांचे पैसे मोजले, नोटांना खवलं चिकटलेली.
"पावती नको रे. येक माज्या डोक्यार घाल."
तिला दुकान नाही. छत्री आहे.

हसनमियां घड्याळजींनी डोळ्यातलं भिंग न काढता
विचारलं, "किती गळतंय?"
मग दहा कौलं लिहायला सांगितली,
नाव समोरच्या बंद दुकानाचं: केशव पोकळे, किराणा.
"त्याची उधारी राहिली होती. वही वाळवीने खाल्ली,
मी नाही विसरलो."

पुलापलीकडच्या शोरूमवाल्याने शंभर कौलं देऊ केली,
वर त्याचा बोर्ड लागला तर.
समितीत त्यावर अजून चहा चाललाय.

रविवारी शिडीवर उभा राहून
मी जुनी नळीची कौलं उतरवत होतो.
एक उलटं केलं. आतल्या बाजूला चार बोटांचा ठसा,
ओल्या मातीत उमटून भट्टीत पक्का झालेला.
कुणाचा, ते कुठल्याच पुस्तकात नाही.

तेवढं एक खाली दिलं नाही.
गवंडी ओरडला, "पुढचं!"