चार नंबर गप्प असताना

सरोवरापासून गावापर्यंत अकरा खांब,
प्रत्येकाच्या डोक्यावर वीतभर डबी.
डब्या बहुतेक वेळ झोपतात.
बॅटरी जपायची तर झोपावंच लागतं,
दर दोन सेकंदांनी एक डोळा किलकिला करून
वरच्याला विचारायचं: काही आहे?
नाही.
काही आहे?
नाही.

फोर्तुनाता चाउका दर शनिवारी वर चढते,
शालीच्या टोकानं पॅनेलवरचा बर्फ पुसते.
वारासहून आलेल्या इंजिनियर पोरानं तिला सांगितलं होतं,
तपमान उशिरा पोचलं तरी चालेल,
वारा तर हरवला तरी चालेल,
पण पाणी हातभर चढलं
की तो निरोप सगळ्यांच्या आधी, बाकीच्यांना ढकलून.
आणि वेळ टळली तर डबी आपणहून तो टाकून देते.
शिळं पुढे वाढत नाही.

हे पटायला तिला वेळ लागला.
लीमाहून आई गेल्याचं पत्र
एकवीस दिवसांनी आलं होतं. ते अजून ट्रंकेत आहे.
त्या एकवीस दिवसांत तिनं
आईसाठी मोज्यांचा जोड विणला होता.

मंगळवारी पहाटे तीनला
हिमकडा तुटून पाण्यात पडला.
अकरानं डोळा उघडला. दहा, नऊ, आठ,
सात, सहा, पाच.
चार गप्प.
विस्काचानं वायर कुरतडली होती, हे नंतर कळलं.
पाचनं एकदा हाक मारली, दुसऱ्यांदा मारली,
तिसरीच्या भानगडीत न पडता
थेट घळीपलीकडच्या तीनला गाठलं,
क्षीण, तुटक, जेमतेम कानाला लागेल असं.
एकूण नऊ सेकंद.
मग भोंगा.

माणसं शाळेमागच्या टेकडीवर चढली,
कुणाच्या एकाच पायात चप्पल, कुणाच्या काखेत कोंबडी,
म्हाताऱ्या एलेउतेरिओनं तर रेडिओच उचलून आणला.
वर सरोवराचं पाणी
बांधावरून एकदा डोकावलं
आणि मागे फिरलं.

उजाडल्यावर कुरकुर सुरू झाली.
उगाच उठवलं. पोरं गारठली.
एलेउतेरिओ म्हणाला, माझी झोप कोण भरून देणार?
फोर्तुनाता पक्कड शोधत होती.

चार नंबरची वायर तिनं पिळून जोडली,
वरून कधीच न घातलेल्या मोज्याची लोकर गुंडाळली,
ठेचलेल्या मिरचीत बुडवलेली,
पुन्हा दात लावशील तर बघ.
दिवा लुकलुकला.
जागी होताच डबीनं पहिलं काम केलं:
पोटात अडकलेला परवाचा वारा
टाकून दिला.