बार्ज सरळच जाते

बांबोळीला कारापूरकर डॉक्टरीणबाईंनी
लाल टोपणाचं पेन पपांच्या नाकासमोर धरलं.
म्हणाल्या, मान हलवायची नाही,
नुसती नजर.
पेन डावीकडून उजवीकडे गेलं,
तेल लावल्यासारखं.
पपांचे डोळे थांबले. उडी मारली. थांबले.
परत उडी, तीही तोकडी,
मग आणखी एक बारकी,
उरलेलं अंतर भरून काढायला.
लहानपणी कुडचड्याच्या बाजारात
मी अशीच चालायचे त्यांच्या मागून:
मागे पडायचे, धावायचे, गाठायचे,
फुगेवाल्याशी पुन्हा मागे.

बाई लिहीत होत्या.
पपा म्हणाले, पेन नीट नाही चाललं तुमचं,
गचके खात होतं.
मग मला कोंकणीत, हळूच,
आयुष्य धक्क्यावर काढलं,
आता धक्के डोळ्यांत आले, असं काहीतरी.
चेहऱ्यावर रेघ हलली नाही.
विनोद होता हे मला घरी पोचल्यावर कळलं.

एकतीस वर्षं टॅली-क्लार्क, सावर्ड्याच्या धक्क्यावर.
खनिजाच्या बार्जी मुरगांवला सुटायच्या,
पाण्यात कानापर्यंत बुडालेल्या,
आणि हे वहीत लिहायचे
नाव, वेळ, टन.
वही मिटून उभे राहायचे
बार्ज वळणाआड जाईपर्यंत.
ते काही कामात नव्हतं, त्याचा पगार नव्हता.
सोडलेली वस्तू दिसेनाशी होईतो बघावी,
इतकंच म्हणायचे,
आणि आई म्हणायची, जेवण निवतंय.

आता बार्जी कमी.
आठवड्यात दोन, कधी एकही नाही.
साडेपाचची गोळी पोटात गेली
की खुर्ची व्हरांड्याच्या टोकाला नेते.
वही मांडीवर. अक्षर तारखेशी ठीक असतं,
टनापर्यंत पोचताना मुंगी होतं.
‘सातेरी’ आली, मी सांगते.
ते बघतात. इंजिनाचा आवाज नदीभर.
गेली? विचारतात.
नाही पपा, समोरच आहे.
हां, म्हणतात, सापडली.
थोड्या वेळानं, परत गेली?

मंगळवारी नदी रिकामी होती.
मी एकटीच, कपडे काढत होते दोरीवरचे,
आणि उगाच करून बघितलं:
या काठापासून त्या वळणापर्यंत
नजर सरळ सरकवत न्यायची,
न थांबता, पाण्यावर रेघ ओढावी तशी.
जमेना.
माड. खांब. बुडका पडाव. माड.
चिमटे तोंडात धरून चारदा केलं.
चारही वेळा डोळे बेडकासारखे.
घाबरून बाईंना फोन लावला.
त्या हसल्या. कुणालाच जमत नाही ते, म्हणाल्या,
डोळ्याला सरकायला
समोर सरकणारं काहीतरी लागतं.

हे मी पपांना सांगितलं नाही.
सांगून काय सांगणार,
की रिकाम्या नदीवर आपण दोघं सारखे?
त्यांच्यासमोर तर बार्ज असते.

काल संध्याकाळी ‘सातेरी’ पुन्हा आली,
भरलेली, ताडपत्रीखाली लाल.
मी ठरवून टप्पे सांगत होते:
आता माडाशी, पपा. आता खांबाशी.
आता त्या पडावाशी...
त्यांचा अंगठा वहीच्या पुठ्ठ्यावर
गोळी वळत होता, थांबत नव्हता.
डोळे मात्र थांबलेले.
पार पुढे कुठेतरी.
माझ्या माडाकडे नाहीत, खांबाकडे नाहीत.
मला वाटलं, हरवली.

पपा, बार्ज इकडे आहे.
माहीत आहे, म्हणाले.
मग तिकडे काय बघताय?

उत्तर यायला वेळ लागतो हल्ली.
पडाव मागे पडला. एक होडी बाजूला झाली.
पाण्याची लाट येऊन आमच्या पायरीला लागली.

मी वळणावर येऊन उभा आहे, म्हणाले.
तिला येऊ दे.