खिडकी क्रमांक दोन

अठ्ठावन्न पूर्ण झाले त्या दिवशी डेपोनं
शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं.
घड्याळ!
चौतीस वर्षं मीच लोकांना वेळ सांगितली.

लोक म्हणाले, आता काय, आराम.
आरामाला ओटा होता, ओट्यापुढं कडुलिंब,
कडुलिंबापलीकडं रस्ता, आणि रस्त्यावर
सहा चाळीसची जिंतूर, सात वाजता.
वीस मिनिटं लेट. कुणाला सांगावं?

मग झोप गेली,
घोषणा न होता सुटलेल्या गाडीसारखी.
पहाटे न्हाणीत मी पुटपुटत असायचो म्हणे,
"वसमतमार्गे नांदेडला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर..."
प्रयाग बाहेर टॉवेल धरून उभी.
"कोण चाललंय नांदेडला?" एवढंच विचारलं तिनं.
मी आतून नळ मोठा केला.

तिच्या शुगरसाठी सरकारी दवाखान्यात गेलो तेव्हा
केसपेपरच्या खिडकीशी एक म्हातारी, पाथरीकडची,
कागद उलटा धरून उभी होती.
"भाऊ, कुठं जाऊ?"
उजवीकडं, जिना चढायचा नाही, खोली नऊ.
किती दिवसांनी माझा आवाज मला ओळखू आला.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. कुणी बोलावलं नव्हतं.
खिशात दोन पेनं, डब्यात ज्वारीची भाकर.
शिपाई गौस म्हणाला, "मामा, पगार कोण देणार?"
म्हणलं, तू चहा दे.
तेव्हापासून नावं लिहितो. वय विचारतो;
म्हाताऱ्या बाया वय सांगत नाहीत, दुष्काळ सांगतात.
"बहात्तरात खडी फोडायला जायचे, थोरला पोटात होता."
मी वजाबाकी करतो.

गुरुवारी खोली चौदासमोरची रांग वेगळी.
तिथं कुणी कुणाशी बोलत नाही.
नाव हळू सांगतात, गाव खोटं सांगतात. मी तेच लिहितो.
एक रिटायर मास्तर, माझ्याच वयाचे. म्हणाले,
"झोप येत नाही, हा काय रोग आहे का हो?"
नाही, म्हणालो. आणि पेन थांबलं.

मागच्या गुरुवारी रांग सरल्यावर
एक कोरा पेपर ओढला.
नाव: किशन ग्यानोबा कच्छवे. वय: साठ.
तक्रार:
पुढं बराच वेळ काही नाही.
गौसनं चहा ठेवला. वाचलं. बोलला नाही.
पंखा बंद करता करता, पाठमोरा,
माझ्याच आवाजाची नक्कल केली त्यानं:
"उजवीकडं, मामा. जिना चढायचा नाही."