नमुना क्रमांक चाळीस

मार्चअखेर. उद्दिष्टापोटी
एकाच बांधावरून सहा गटांची माती
भरून आणली होती साहेबांनी.
ही मात्र ती स्वतः घेऊन आली,
उगावहून नाशिकला,
एसटीत मांडीवर धरून.
चिठ्ठीवर : मथुराबाई गांगुर्डे, द्राक्षबाग.

मी वाळवली, चाळली, आम्लात टाकली.
चुनखडी जास्त.
सेंद्रिय कर्ब अत्यल्प.
संगणकानं शिफारस छापली :
युरिया, इतक्या गोण्या.
युरियाला अनुदान आहे,
शेणाला नाही.

पंधरवड्यानं आली.
पत्रिका उलटीसुलटी पाहिली,
घडी घालून कनवटीला लावली.
"उरलेली माती माघारी द्या, भाऊ."

तसा रकाना नाही रजिस्टरात.
दिली.
मूठभर होती. पदराच्या गाठीत
सहज मावली.