व्हाया वाशीम

अनसूयाबाई धबडगे, वय एकोणसत्तर,
टेलिफोन एक्स्चेंज, हिंगोली, निवृत्त.
नातीनं आणलेल्या पिशवीत दोन पाकिटं,
एक ब्लडप्रेशरचं, एक कॅल्शियमचं,
दोन्हीतल्या गोळ्या पांढऱ्या, गोल,
आणि बाईंच्या उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू.
"सकाळपासून किती घेतल्या, आजी?"
"मोजल्या न्हाईत माय. हाडं ठणकायलीत म्हणून खाल्ल्या."

नाडी चौतीस.
मॉनिटरवर एकेक ठोका असा येतो
जसा रात्री दीडनंतर वसमत फाट्यावर ट्रक,
आता येईल, आता येईल,
आला.

ॲट्रोपीन दिलं. परत दिलं.
छत्तीस. पुन्हा चौतीस.
मग कॅल्शियम, शिरेतून, सावकाश.
दिवसभर तुम्ही हेच तर शोधत होतात, अनसूयाबाई.

कॉलेजात मी एक आकृती काढली होती.
पेशीच्या भिंतीवर एक कवाड, त्याचं नाव बीटा.
बाहेरून ॲड्रेनलिन येतं, कडी वाजवतं,
आत प्रथिनाचा एक निरोप्या जागा होतो,
तो दुसऱ्याला हलवतो,
आणि घरभर कुजबुज पसरते
चक्रीय एएमपीची:
उठा, कॅल्शियम आत घ्या, आवळा, सोडा, आवळा.
दहा मार्कांचा प्रश्न. मला साडेसात पडले.
आज त्या कवाडावर गोळीनं खिळे ठोकलेत.
मी ॲड्रेनलिनचं ड्रिप वाढवते आहे,
कडी वाजते आहे, वाजते आहे,
आत कुणाला पत्ता नाही.

नात दाराशी उभी. गप्प राहवत नाही म्हणून बोलते.
"आजी बोर्डावर बसायची ना, तेव्हाचं सांगते.
परभणीची लाईन पडली की लोक ओरडायचे,
औरंगाबाद लावा हो बाई, अर्जंट आहे.
आजी दोरी उपसायची, दुसऱ्या भोकात खोचायची,
थांबा म्हणायची, व्हाया वाशीम देते."

मी मान वर केली.

त्या आकृतीत दुसरं कवाडही होतं,
कोपऱ्यात, पेन्सिलीनं काढलेलं. ग्लुकागॉनचं.
बीटाशी त्याचं बोलणं नाही,
पण आतला निरोप्या तोच,
कुजबुज तीच.

आमच्या फार्मसीत नाही.
स्टँडसमोरचं मेडिकल उठवलं. नाही.
नांदेडला एका दुकानात दोन व्हायल, फ्रीजमध्ये,
आणि किल्ली घेऊन मालक गंगाखेडला, लग्नात.
दोन व्हायलनं काय होणार होतं म्हणा.

मग उरलं ते, ज्याला आम्ही सगळे भितो.
सिस्टर पाईकरावांनी ऑर्डरचा कागद ट्यूबलाइटखाली धरला.
"मॅडम, पॉइंट राहिला का? पाच पॉइंट आठ?"
"नाही. अठ्ठावन्न. किलोमागे एक.
आणि पुढं दर तासाला तेवढंच."
"यांना शुगर नाही, मॅडम."
"माहितीये. सोबत ग्लुकोज चालू ठेवायचं, भरपूर.
ही वाट कवाडाकडं जातच नाही,
थेट चुलीकडं जाते.
हाका नंतर मारू, आधी हृदयाला जेवू घालू."
त्या माझ्याकडं बघत राहिल्या,
मग कागद पुढं केला, सही करा म्हणाल्या.
मी केली. शेजारी वेळ टाकली, एक बावीस.
अक्षर माझं वाटत नव्हतं.

दर पंधरा मिनिटांनी बोट टोचलं.
पोटॅशियमचं रक्त घेऊन हिमायत
स्कूटरवरून लॅबकडं गेला, आला, परत गेला.
सदतीस.
सदतीस.
चाळीस, आणि मग कुणी न सांगता अडतीस.
काय लागू पडतंय मला कळत नव्हतं,
खरं सांगायचं तर अजूनही कळलेलं नाही.

अडीचला सत्तेचाळीस.
बाईंची करंगळी चादरीवर हलली,
काहीतरी उपसल्यासारखी.
नातीनं विचारलं, "लागला?"
मी म्हटलं, "रिंग जातेय."

"मॅडम," पाईकराव म्हणाल्या, "पावणेतीन झाले. बोट."