कलम सात

पावतीच्या मागे बारीक टायपात होतं:
हॉलमध्ये फटाके, मद्य व प्राणी यांस सक्त मनाई.
बाबांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं,
म्हणाले, फटाके आपल्याला नकोतच, मद्याचं काय ते सुहृदच्या मित्रांना सांगा,
आणि तिसऱ्या शब्दावर अंगठा ठेवून
सही करून टाकली.

तिसरा शब्द त्या वेळी कन्नमवार नगरात
आमच्या पायपुसण्यावर पसरला होता.
खारी. वय वर्षं तेरा.
बसेल तिथे भुगा सांडणारी,
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू,
कानाला पालिकेने घेतलेली चीर.

सुहृद पहिल्यांदा घरी आला तेव्हा
तिने त्याची पोटरी धरली.
तिला टोचलेलं होतं, पण आई ऐकेना,
म्हणून राजावाडीच्या रांगेत
त्याच्या प्रत्येक सुईला मी सोबत गेले.
आमचं जे काही जमलं
ते त्या बाकड्यावर.

लग्नाच्या सकाळी आईने गजरा
अर्धा माझ्या अंबाड्यात माळला,
अर्धा तिच्या पट्ट्याला गुंडाळला.
शाळेच्या व्हॅनमधून, झेंडूच्या टोपल्यांमागे,
मुलुंडपर्यंत ती गुपचूप आली.
हॉलच्या दारात मॅनेजर नाबर.
टोपल्यांमधून शेपूट हलली.
हे काय?
शकूमावशी थांबलीसुद्धा नाही. म्हणाली,
करवली.

अंतरपाट धरला.
मावशीचा वरचा सूर लागेना,
तो खारीने खालून लावून दिला.
लोक हसले, मी पाटावर उभी,
समोर नुसतं कापड आणि कुंकवाचं स्वस्तिक.
तिच्यासाठी मात्र अंतरपाट
गुडघ्यापाशीच संपत होता.
ती खालून पलीकडे गेली,
थोडा वेळ काहीच कळेना,
मग परत येऊन माझ्या पावलांवर
सगळा भार टाकून बसली.
म्हणजे पलीकडे तोच होता.

लाजाहोमाला गुरुजींनी विचारलं,
मुलीचा भाऊ कुठाय?

मला भाऊ होता.
त्यानेच तिला बेकरीच्या खोक्यातून आणलं होतं,
दहावीच्या निकालाच्या दिवशी,
पेढ्यांचे पैसे तिच्या दुधावर उडवून.
पुढचं मंगलकार्यात नको.
एवढंच की त्यानंतर वर्षभर
ती त्याच्या चपलांवर झोपायची
आणि बाबा त्या चपला जागच्या हलवू देत नसत.

नागपूरचा चुलतभाऊ
फोन खिशात सारत पुढे सरकला.
मी म्हटलं, थांब.
म्हटलं, गुरुजी, ही आहे.

गुरुजींनी पोथीत बोट ठेवलं,
तिच्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं.
मग होमाचा धूर हाताने बाजूला सारत म्हणाले,
सुपाला पंजा लागला तरी पुरे.

बाबांनी तिचा पंजा धरून सुपाला लावला,
सुपातून लाह्या माझ्या ओंजळीत.
काही अग्नीला, बऱ्याच तिला,
चार सुहृदच्या सोवळ्यावर.

राहिली कानपिळी.
सुहृद आपणहून गुडघ्यांवर बसला
आणि कान पुढे केला.
तिने हुंगला.
जरा विचार केला.
चावली नाही.
टाळ्या पडल्या तेव्हा आई
अक्षतांचं ताट शोधायला आत गेली,
ताट तिच्या हातातच होतं.

संध्याकाळी नाबरांनी डिपॉझिट परत दिलं,
पाचशे कापून.
वळणदार अक्षरात पावती:
कलम सात. प्राणी, एक.

रिक्षावाल्याशी दोन रुपयांसाठी भांडणारे बाबा
काही बोलले नाहीत.
पावती दोनदा वाचली,
शाई वाळेपर्यंत फुंकर घातली,
आणि घरी गेल्यावर
रेशनकार्डाच्या घडीत ठेवून दिली,
घरच्यांची नावं असतात
तिथे.