कार्योत्तर मंजुरी

मरोळच्या पागेत पहाटे
आधी लिदीचा वास येतो, मग उजेड.
सखाहरी मोतद्दार खरारा घेऊन उभा,
मी रजिस्टर घेऊन.

रजिस्टर मोटार परिवहन विभागाचं.
आमचं वेगळं छापायची मागणी वर गेलीय
त्याला आता तिसरं वर्ष.
तोवर 'इंधन' या रकान्यात मी लिहितो:
चंदी तीन किलो, कोंडा दीड, मीठ मूठभर.
'टायर'खाली: पुढचे दोन नाल, इनायतभाईंनी ठोकले.
'प्रति लिटर किलोमीटर'पुढे आडवी रेघ.
'हॉर्न: चालू / बंद'
इथं रोज थोडं हसू येतं.
चालू, लिहितो.
बादली वाजली की तेराच्या तेरा चालू.

आज घासाची गाडी नाही.
ड्रायव्हर फोनवर म्हणतो, घोडबंदरला अडकलोय साहेब.
अडकायला तुला दुसरं ठिकाण मिळालं नाही का रे?

तर, गुलबक्षी.
अश्व क्रमांक नऊ, रंग कुमैत, कपाळावर टिकली,
चेसिस नंबर लागू नाही.
माघातल्या एका रात्री तिनं तोबरा नाकानं ढकलला
आणि मान वळवून
स्वतःच्या कुशीकडं बघत राहिली,
आत कुणी हाक मारतंय असं.
पोटशूळ.
डॉक्टर नाबर बाई फोनवर म्हणाल्या,
बसू देऊ नका, लोळू देऊ नका, चालवा.
मी निघालेच.

औषध घ्यायचं तर आधी तीन दरपत्रकं.
रात्री एक वाजता अख्ख्या अंधेरीत
एकच शटर अर्धं वर होतं.
वाकून आत गेलो.
सहाशे चाळीस रुपये, माझ्या खिशातले.

मग मी, ती आणि आवार.
फेरी संपली की भिंतीवर खडूची एक रेघ.
वरून विमानं उतरत होती एकामागून एक,
दर थोड्या वेळानं कुणीतरी घरी पोचत होतं.
ती मध्येच गुडघे मोडायची,
मी लगाम धरून नको ते बोलायचो,
आईला बोललो नसतो असं,
आणि आईला बोलायचं राहून गेलं तेही.
बाई आल्या, नळी घातली, हात धुतले,
म्हणाल्या, चालवतच राहा.

एकशे बारा रेघा झाल्या तेव्हा ती थांबली.
शेपूट उचलली.
सखाहरीनं हात जोडले.
लिदीला हात जोडणारा माणूस
मी जन्मात पहिल्यांदा पाहिला,
आणि बघतो तर माझेही जोडलेले.

सकाळी टिपणी लिहिली.
विषय, संदर्भ, सोबत मूळ पावती.
कार्योत्तर मंजुरीस्तव सविनय सादर.
घोडी त्या दिवशी चार पावलं जास्त चालली, कागद बसला.
आठ महिन्यांनी उठून परत आला,
समासात हिरव्या शाईचा शेरा:
'प्रसंग आकस्मिक होता, याचा पुरावा जोडावा.'

भिंतीकडं गेलो.
बांधकामवाल्यांनी मधल्या काळात चुना मारलेला.
त्यांची निविदा तेवढी वेळेवर निघाली होती.
तिरप्या उन्हात डोळे बारीक करून पाहिलं.
दोन-चार रेघा दिसल्यासारख्या वाटल्या.
नसतीलही.

उत्तर अजून दिलेलं नाही.
स्मरणपत्र एक आलंय, दुसरं येईल.
रविवारी गिरगाव चौपाटीवर बंदोबस्त होता.
एका पोरानं विचारलं,
काका, एक चक्कर केवढ्याला?
मी वरून त्याच्याकडं पाहिलं.
गुलबक्षीनंही पाहिलं.
आकडा मला ठाऊक होता, पैशासकट,
पण त्याला म्हटलं, ही भाड्याची नाही, बाळा.

आता पाच वाजलेत.
रजिस्टर मिटतो, पेन कानावर.
तिचं नाक सरळ माझ्या डाव्या खिशात,
ओलं, गरम, घाईत.
गूळ.
हा खर्च मी कुठंच दाखवलेला नाही.